मेंढरांच्या वाटेवरचं फाटक

आमच्या गावची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली, त्याला आता नऊ वर्षं होतील. पाटी बदलली, घरपट्टी वाढली, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले. धोंडुबाईंना मात्र या बदलाचा अर्थ कळला तो भरल्या सभेत.

धोंडुबाई पूर्वेकडच्या धनगरवस्तीत एकट्या राहतात. पूर्वी या वस्तीतले पंचवीस-तीस कळप दिवाळीनंतर पलूस-फलटणच्या ऊसपट्ट्यात उतरायचे. तुटलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला खत, धनगराला धान्य. उन्हाळा सरताना कळप परत यायचे. आता एकच कळप उरलाय, धोंडुबाईंच्या मुलाचा, तानाजीचा. त्याचा संसार मेंढरांबरोबरच फिरतो. पावसाळ्यात तो पुढे, तीस किलोमीटरवरच्या माळावर असतो. जाताना एक मुक्काम आणि येताना एक मुक्काम आईच्या अंगणात. वर्षातल्या या दोन रात्री, आणि त्याही मेंढरांची वाट त्या अंगणावरून जाते म्हणून.

नगरपरिषदेने त्या वाटेवर बाग करायचं ठरवलं. बागेभोवती भिंत.

मी गावच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झालो तरी सकाळी दहा-बारा मुलं घरी येतात. त्यांना बाग हवी होती. घसरगुंडी कुठल्या रंगाची, यावर त्यांचं भांडणही होऊन गेलं होतं. म्हणून धोंडुबाई माझ्याकडे आल्या तेव्हा मला दोन्ही बाजू कळत होत्या.

"गुरुजी, वाट मोडली की त्यो हायवेनं परस्पर माळावर जाणार," त्या म्हणाल्या. "आईसाठी कोस-दीड कोस वाकडं जायाचं, तर मेंढरं ऐकत न्हाईत."

"मग हे सभेत मांडलं जायला हवं."

"मी सांगते की. ग्रामसभेत काय कमी बोललीय मी?"

नगरपरिषदेच्या सभेत आपल्याला बोलता येत नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं. आपण निवडून दिलेला माणूस आपल्या वतीने बोलतो. त्यांचे नगरसेवक वीरधवल. आम्ही दोघं त्यांच्या दुकानात गेलो. वीरधवलने सगळं ऐकून घेतलं आणि वहीच्या पानावर उतरवलं.

सभेच्या दिवशी मी मुलांनाही घेऊन गेलो. दरवर्षी एक सभा मी त्यांना दाखवतोच. मागच्या बाकांवर आम्ही, आमच्यात धोंडुबाई. समोर अर्धगोलात सतरा नगरसेवक, बाजूला मुख्याधिकारी, आणि उंच खुर्चीत नगराध्यक्ष रेश्मा. चौथीत ती माझ्याच वर्गात होती. मी मुलांना हळू आवाजात सांगत होतो, की ठराव एक जण मांडतो, दुसरा त्याला अनुमोदन देतो, मग हात वर होतात. मुख्याधिकारी ते अमलात आणतात, पण त्यांना स्वतःचं मत देता येत नाही.

विषय क्रमांक नऊ आला. वीरधवल उठले आणि कागद वाचू लागले. "सदर वाट ही पूर्वापार वहिवाटीची असून, सदर वाटेवरून... सदर मेंढरं..." एवढ्यात समोरून कुणीतरी विचारलं, "किती मेंढरं? नगरसेवकांपेक्षा जास्त का?" सगळे हसले आणि वीरधवलचं वाक्य हरवलं.

धोंडुबाई उभ्या राहिल्या. "आरं, मला इचारा की. मी सांगते."

"आजी, बसून घ्या," रेश्मा म्हणाली. "इथं फक्त सदस्यांना बोलता येतं."

"आन मी काय मुकी हाय व्हय? मी ग्रामसभेत बोलत हुते तवा तू झबल्यात हुतीस."

आता रेश्माही हसली, पण तिने मान हलवली. धोंडुबाई बसल्या. त्यांचा हात बाकाच्या कडेवर घट्ट होता. शेजारच्या सोनियाने मला विचारलं, "गुरुजी, आजीला माहितीय, मग त्यांना का नाही बोलू देत?" मी म्हणालो, नियम आहे. आठ वर्षांच्या मुलीला ते पुरलं नाही, आणि खरं तर मलाही.

रेश्माने आमच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "सभा दहा मिनिटं तहकूब," ती म्हणाली आणि खुर्चीतून उतरून थेट मागच्या बाकावर, धोंडुबाईंच्या शेजारी येऊन बसली. "आता सभा नाही. आता बोला आजी."

धोंडुबाई मेंढरांबद्दल थोडं बोलल्या आणि तानाजीबद्दल जास्त. चार-सहा नगरसेवकही भोवती जमले. मघाशी 'किती मेंढरं' विचारणाराही त्यांत होता.

सभा पुन्हा सुरू झाली तेव्हा वीरधवलने उपसूचना मांडली: बाग करावी, पण वाटेच्या दोन्ही तोंडांना बारा फुटी फाटकं ठेवून कळपाला जाऊ द्यावं. मुख्याधिकारी म्हणाले, फाटकं कायम उघडी राहिली तर गुरं बागेत शिरतील, ठरावात तारखा हव्यात. वीरधवलने मागे वळून खुणेने विचारलं, कवा?

"दिवाळी झाली की जातो, मिरगाच्या आधी येतो," धोंडुबाई पुटपुटल्या. सभा चालू होती, तरी त्यांना कुणी अडवलं नाही.

वीरधवलने लिहिलं: दिवाळीनंतर आठ दिवस आणि एक जून ते आठ जून. मी मान डोलावली. नऊ विरुद्ध आठ मतांनी ठराव मंजूर झाला.

बाग झाली. घसरगुंडी पिवळी आली. दिवाळीनंतर फाटकं उघडली, तानाजी मुक्काम करून ऊसपट्ट्यात गेला, फाटकं बंद झाली. पुढचे सहा महिने धोंडुबाई रोज दुपारी बागेतल्या पश्चिमेच्या फाटकाजवळ बसायच्या. मुलं त्यांना झोक्यावर बसायचा आग्रह करायची, त्या नको म्हणायच्या. तिथून वाट दिसायची नाही.

यंदा साखर कारखाने लवकर बंद झाले. रानं लवकर नांगरली गेली, मेंढरं बसवायला जागा उरली नाही. बारा मेला दुपारी चारच्या सुमाराला वाटेवर धूळ उठली, आणि धोंडुबाई उठून उभ्या राहिल्या. मुलांना घेऊन मीही बागेतच होतो.

फाटकाला कुलूप होतं. किल्ली नगरपरिषदेच्या शिपायाकडे, केरबाकडे. तो आला, पण किल्ली खिशातच ठेवली.

"ठरावात एक जून हाय, गुरुजी. आज बारा मे. मी उघडलं आन कुणी अर्ज केला, तर नोकरी माझी जाणार."

त्याचं बरोबर होतं. वीरधवल लग्नाला पुण्याला गेलेले. रेश्मा साताऱ्याला बैठकीत होती, फोन बंद. मुलं मला विचारू लागली, आता काय? मी सांगितलं, अगदी तातडीचं असेल तर नगराध्यक्ष स्वतःच्या अधिकारात हुकूम देऊ शकतात, नंतर तो सभेपुढे ठेवावा लागतो. पण त्यांचा फोन तर लागायला हवा.

पलीकडे मेंढरं एकमेकांना रेटत ओरडत होती. तानाजीने काठी फाटकाला टेकवली.

"वाळलास रं," धोंडुबाई म्हणाल्या.

"तू काय लय जाड झालीस व्हय?"

त्यांनी पदराखालचं फडकं सोडलं आणि गजांतून भाकरी पलीकडे दिली. तो उभ्यानेच खाऊ लागला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"पोरीचं, क्रांतीचं लगीन जमतंय," तानाजी म्हणाला. "पोरगा फौजंत हाय."

"आन मला कोण सांगणार हुतं?"

"आता सांगतोय की. एरवी तुज्याकडं आलो की मेंढरं बसवू का कुत्री आवरू? बोलायला सवड कुठं असती?"

मग क्रांतीचा होणारा नवरा कुठल्या गावचा, त्याला बहिणी किती, तानाजीचा गुडघा दुखतो तो कधीपासून, हे सगळं गजांच्या दोन बाजूंनी चाललं. तासभर झाला असेल. मी मुलांना घसरगुंडीकडे पाठवलं.

फोन लागला. रेश्माने ऐकून घेतलं. "उघडा म्हणावं. हुकूम माझा, लेखी उद्या देते. पुढच्या सभेत तारखा बदलून घेऊ." मग तिने विचारलं, "गुरुजी, तारखा कुणी घातल्या होत्या हो?"

"आपण सगळ्यांनी," मी म्हणालो. "मी तर मानही डोलावली."

केरबाने फोन कानाला लावून स्वतः खात्री केली आणि किल्ली काढली. कुलपाकडे गेलेला त्याचा हात धोंडुबाईंनी धरला.

"तुला घाई हाय का रं, केरबा?"

"न्हाई."

"मग थांब जरा. उघडलं की मेंढरं पळत्यात, आन त्यांच्या मागं ह्यो."

केरबाने माझ्याकडे पाहिलं. मी फोन परत घेऊन खिशात टाकला. किल्ली मुठीत धरून तो भिंतीच्या सावलीला जाऊन बसला. तानाजीने उरलेली भाकरी मोडली आणि निम्मी गजांतून आत, आईच्या हातात दिली.