कडीचं कलम

शेजाऱ्याची शिडी न विचारता नेली आणि मोडली, तर दोन शिड्या भरून द्याव्यात.

गोळ्या ताटात ठेवू नयेत. हातावर ठेवाव्यात आणि गिळेपर्यंत समोरून हलू नये.

दुसऱ्याच्या विहिरीत मेलेलं जनावर टाकणाऱ्यानं ती विहीर एकट्यानं उपसावी.

कात्री वरच्या फळीवर.

विधवेच्या दारात बैल बांधला, तर बैल तिचा.

बाहेरून कडी लावू नये.

पहिलं, तिसरं, पाचवं कलम भाजलेल्या मातीच्या पाटीवरचं. पाटी संग्रहालयात, माझ्या टेबलावर, वाळूच्या उशीवर. बाकीची तीन वहिनीच्या स्वयंपाकघरातली, फ्रिजला चिकटवलेल्या कागदावरची. कागदावर एकूण अकरा होती. मी आईला भेटायला गेले होते. खरं तर भांडायला. दादाला आईला वृद्धाश्रमात ठेवायचं होतं. अर्जावर दोन्ही मुलांच्या सह्या लागत होत्या आणि मी माझी देणार नव्हते.

जुन्या पाट्या वाचणं हा माझा धंदा. त्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की कायदा वाचून लोक फार सज्जन होते असं समजू नका. कोणी करतच नसेल, तर मनाई कोरत कोण बसेल? शिडीचं कलम आहे म्हणजे शिड्या पळवल्या जात होत्या. आणि दुसरं, कायदा लिहिणारा तो इतरांसाठी लिहितो. मालक नोकरासाठी, राजा रयतेसाठी. पंधरा वर्षं हे मी संग्रहालय बघायला येणाऱ्यांना छातीठोकपणे सांगत आलेय.

म्हणून चपला न काढताच विचारलं, "बाईंनी आईला कितीदा कोंडलं?"

बाई म्हणजे आईला सांभाळायला ठेवलेल्या.

वहिनी कांदा चिरत होती. "या वन्सं. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. हे काय लिहिलंयस? असं घडल्याशिवाय कोणी लिहीत नाही."

"झालं. आता माझ्या फ्रिजचं उत्खनन."

"थट्टा नको. बाईंना बोलाव."

"त्यांच्या मुलीच्या गावाला जावं लागेल बोलवायला. दोन महिने झाले सोडून. तुमच्या दादांनी नाही कळवलं? नसेलच. तिला कशाला उगाच त्रास, म्हणाले असतील."

मी परत कागदाकडे पाहिलं. एक डाग नाही, कोपरा मुडपलेला नाही. जेमतेम आठवड्याचा. पाटी हातात आली की मी आधी वय बघते, आणि इथे तेवढंच बघितलं नव्हतं.

"मग हे कोणासाठी?"

सुरी थांबली नाही. "माझ्यासाठी."

आतल्या खोलीतून आईनं विचारलं, "कोण आलंय?"

"तुमची मुलगी," वहिनी ओरडली.

"कोणाची?"

वहिनीनं मनगटानं डोळे पुसले. कांदा होताच. "मंगळवारी औषधं आणायला गेले होते. त्याआधी दोनदा आई रस्त्यावर निघून गेलेल्या. कडी लावली. वीस मिनिटांचं काम होतं, मी चाळीस लावली. येताना बाकावर बसले. काही नाही, नुसतीच बसले. इतकं बरं वाटत होतं, वन्सं. घरी आले तर आतून दाराचा रंग नखांनी खरवडलेला."

मी वळून दाराकडे पाहिलं.

"मग रात्री बसून लिहून काढलं. हातून झालं ते, आणि होईल अशी भीती वाटते ते. नववं वाचलंत?"

नववं: हात उगारू नये.

"हे झालंय?"

"नाही. अजून नाही."

अजून न घडलेल्याचंही कलम असू शकतं. पंधरा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मी अकराही पुन्हा वाचली. त्यात दादा दोनदा होता, डॉक्टर एकदा, शेजारच्या काकू एकदा. पाटीत तर बैलसुद्धा आहेत. मी कुठेच नव्हते. ज्याला कशाचीच मनाई नाही, तो त्या गावात राहतच नसतो.

अर्ज टेबलावर पडला होता, वर बरणी ठेवून. वहिनी म्हणाली, "सही करा, नाहीतर काहीतरी करा. नुसतं नाही म्हणू नका. ते मलाही येतं."

मी पेन काढलं आणि फ्रिजवरच्या कागदावर बारावं लिहिलं: शनिवार सकाळपासून रविवार रात्रीपर्यंत आई मुलीकडे.

वहिनीनं वाचलं. "दंड काय?"

"दंड?"

"तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, बैल जप्त, विहीर उपसा. दंड नसला तर तो कसला कायदा? नवीन वर्षाचा संकल्प म्हणतात त्याला."

मी हसले. ती हसली नाही. पुढे लिहिलं: दोनदा चुकल्यास अर्जावर मुकाट सही.

"लागोपाठ दोनदा, की एकूण?"

विचार केला. पाटीवर अशा जागी नेहमी खाडाखोड सापडते.

"एकूण," मी म्हणाले.

सही मी अकराव्या आठवड्यात केली.