कडेची माया

"अहो, हेही फुटले!"

ओव्हनचं दार उघडं टाकून मास्तरीणबाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. ट्रेमधल्या करंजीसारख्या एकूण एक पायचं पोट फुटून सारण बाहेर आलं होतं.

काल सणाला त्यांनी दोन दांडग्या कोंबड्या भाजल्या. पाहुणे निम्मेच आले आणि एक कोंबडी जवळजवळ अख्खी उरली. त्यात आज दुपारी अचानक व्याही-विहीणबाई येणार म्हणून निरोप आला. त्यांच्यापुढे कालचं उरलेलं कसं मांडायचं? लेकीने फोनवर तोड काढली होती, "आई, मांस सोडव, कांदा-बटाट्यात परत, मैद्याच्या पारीत भर नि भाज. हँड पाय म्हणतात त्याला."

"हात की पाय, एक काय ते ठरवा," मास्तर खुर्चीतूनच म्हणाले होते.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिलाईचे. अख्ख्या गल्लीचे कपडे त्यांच्या हाताखालून गेले. पण नजरेने दगा दिला, सुईत दोरा ओवेना, तेव्हा गेल्या महिन्यात त्यांनी मशीन विकून टाकलं. तेव्हापासून ते खिडकीशी बसून असत. तोंडाने थट्टा चालू असली तरी मनातून माणूस खचला होता. आपण आता खायला काळ आणि भुईला भार, असं त्यांना वाटे.

त्यांनी ट्रे मांडीवर घेतला. फुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"अगं, माया कुठे सोडलीस?"

बाईंचा पारा चढला. "सगळी हयात तुमचा संसार ओढला, आणि माया कुठे म्हणून मलाच विचारता?"

"तुझी नाही गं बाई, कडेची! शिवणीत कापड जास्तीचं सोडतो ना, ती माया. तू काठापर्यंत सारण कोंबलंस. उसवणारच मग!"

"एवढं कळतंय तर उठा की! नुसतं तोंडच चालवणार?"

मास्तर उठले. हात धुतले, पारी हातावर घेतली, मधोमध बेताचं सारण ठेवलं आणि अंगठाभर माया सोडून घडी घातली. इथे डोळ्यांवाचून काही अडत नव्हतं. अंतर अंगठ्याला पाठ होतं. मग काही तरी आठवून ते आत गेले आणि शिवणाच्या डब्यातून, कापडावर खुणा उमटवायचं दातेरी चाक घेऊन आले. गरम पाण्यात धुऊन त्यांनी ते कडेवरून फिरवलं. टाके घातल्यासारखी बारीक नक्षी उठली.

या खेपेला एकही फुटला नाही.

दुपारी व्याह्यांनी तिसरा उचलला. "विहीणबाई, कुठल्या बेकरीतून मागवले?"

"बेकरी कसली? आमच्याकडे शिवून मिळतात!"

सगळा उलगडा झाल्यावर व्याही पोट धरून हसले. "मग मास्तर, पुढच्या सणाला आमच्याकडचेही शिवून द्याल का?"

कितीतरी दिवसांनी मास्तरांना कोणी काम सांगत होतं. ते खुर्चीत ताठ बसले.

"देईन की," ते म्हणाले, "पण पोटाचं माप द्यावं लागेल."

पाहुणे गेल्यावर त्यांनी चाकाच्या दातांत अडकलेलं पीठ नखाने काढलं, चाक पुसून कोरडं केलं. शिवणाचा डबा उघडाच होता. त्याच्याकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी त्याचं झाकण लावलं आणि चाक हातात घेऊन स्वयंपाकघरातला चमच्यांचा खण ओढला.

मास्तरीणबाईंनी चमचे जरा बाजूला सरकवले.