पंधरा दिवस कोरडे हात

"परत दाबा, मावशी. जरा जोर लावून."

मावशींनी अंगठा काचेवर असा दाबला की नख पांढरं पडलं. यंत्रात पुन्हा लाल दिवा लागला. खिडकीमागच्या कारकुनाने सुस्कारा सोडला, जणू गैरसोय त्याचीच होत होती.

"हात घासून आलात का?"

"मग? कचेरीत यायचं ते काय घाणेरड्या हातांनी?"

सकाळीच त्यांनी सोडा घेऊन ब्रशने हात घासले होते. सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात एकतीस वर्षं त्यांनी चादरी धुतल्या. तिथली मुकादमीण रोज सगळ्यांचे हात उलटसुलट करून बघायची. ती सवय अंगात भिनलेली. बोटांवरच्या उरल्यासुरल्या रेषा आपण दर खेपेला स्वतःच खरवडून येतो, हे त्यांना आज कळलं. अंगठ्याचा ठसा जुळत नाही म्हणून पेन्शन अडकून आठ महिने झाले होते, आणि एवढं सांगायची तसदी आजवर कुणी घेतली नव्हती.

"पंधरा दिवस पाण्यात हात घालू नका. मलम लावा. रेषा येतात परत," कारकून म्हणाला.

"आणि तोवर?"

"तोवर काय, मुलगा आहे ना सांभाळायला?"

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुलगा आहे म्हणूनच आलेय. पेन्शन होती तेव्हा मी त्या घरात हक्काने बोलत होते. आता पंखा लावायचा तरी विचारून लावते. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. तुमच्याच सरकारी दवाखान्यातल्या पेशंटांचं रक्त धुता धुता गेल्यात या रेषा. शोधायच्या तर तुम्ही शोधा."

"पुढचे कोण?" कारकून म्हणाला.

घरी मोरीत भांड्यांचा ढीग पडला होता. मावशींना कुणी कधी एका शब्दाने टोचून बोललं नव्हतं. पण पेन्शन थांबली त्याच महिन्यात दोन्ही वेळची भांडी त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली होती. ही फुकटचं खाते, असं कुणाच्या मनात यायच्या आत त्या मोरीत जाऊन बसत, आणि घासणीने बोटं सोलून निघेपर्यंत घासत.

"आई, राहू द्या. मी घासते," सून नेहमीसारखं म्हणाली. ती मनापासून म्हणायची.

"घास," मावशी म्हणाल्या.

सून पदर खोचून मोरीत गेली. मावशी खुर्चीत बसून एकेका भांड्याचा आवाज ऐकत राहिल्या. राग त्या कारकुनाचा होता, यंत्राचा होता, आणि भांड्यांचा साधा आवाजही ऐकवेना म्हणून स्वतःचाही होता. उचलून सगळी त्या कचेरीच्या दारात नेऊन ओतावीत, असं त्यांना वाटत होतं.

सुनेने पानं घेतली आणि हाक मारली.

"मला नको गं. भूक नाही," मावशी म्हणाल्या.

सकाळपासून त्यांच्या पोटात चहाखेरीज काही गेलं नव्हतं.