घरात कोण आसा?

शेवंतीने नारळाची वाटी खवणीवर धरली होती, एवढ्यात पुढल्या अंगणातून हाक आली.

"घरात कोण आसा गो?"

"कोण नाय!"

मागच्या पडवीतूनच तिने ओरडून सांगितलं आणि पुन्हा खोबरं खवू लागली. पुरुषमाणूस बाहेर गेला की तोंडवलीतली प्रत्येक बाई हेच सांगायची. सांगणारी स्वतः घरात असते, हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नसे.

वाटी निम्मी झाली तेव्हा तिचा हात थांबला. तो आवाज मथुरेचा होता.

बाजारात दोघींच्या मासळीच्या पाट्या कायम शेजारी असत. गिऱ्हाइकाशी भांडायचं एकीने आणि हसू दाबायचं दुसरीने. मग शेवंतीच्या नवऱ्याने, दत्तारामाने, गावातली पहिली लाँच घेतली.

"लाँचवाल्याच्या बायलेन बाजारात बसाचां नाय," तो म्हणाला. "तू आता घर सांभाळ."

वाडीतल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस गो! शेवंतीलाही पहिले चार दिवस तसंच वाटलं. आताशा ती दुपारी कोंबड्यांशी बोलायची, आणि कोंबड्यासुद्धा दाणे संपले की निघून जायच्या. मथुरा येईल, येईल म्हणून तिने अख्खा पावसाळा आणि अख्खी थंडी वाट पाहिली होती.

ती धावत पुढे आली. अंगणात कुणी नव्हतं. पायरीवर केळीच्या पानात सुरंगीच्या फुलांचा वळेसर तेवढा ठेवलेला होता. मथुरेला काय वाटलं असेल! लाँचवालीण झाली, आता ओळखसुद्धा दाखवत नाही, असंच ना? शेवंतीला रडू फुटलं.

तेवढ्यात लाँचीचं इंजिन दुरुस्त करणारा भिकाजी अंगणात शिरला. समोर उभ्या शेवंतीकडे बघतच त्याने विचारलं,

"घरात कोण आसा काय, वैनी?"

"मी आसंय."

"तां खरां. पण घरात कोण आसा?"

शेवंतीने डोळे पुसले. वळेसर केसांत माळला. आत जाऊन चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि परत येऊन दाराला कडी घातली.

दूर किनाऱ्याच्या वाटेवर मथुरेच्या डोक्यावरची पाटी अजून दिसत होती.

"आता कोण नाय," ती भिकाजीला म्हणाली आणि भराभर पायऱ्या उतरली.