कॅबिनेटची झूल

बावीस वर्षं झाली मला हिंगोलीत हे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून. बसस्टँडसमोरच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याला लागून. खरं सांगायचं तर आता कंटाळा आलाय. सकाळी शटर वर करायच्या आधीच कुणीतरी पायरीवर बसलेलं असतं, अन् प्रत्येकाला एकच पाहिजे असतं, सर, मशीन फास्ट करून द्या. ते काहून स्लो झालं, हे ऐकायला कुणाला टाइम नसतो. गेम खेळणारी पोरं तर डोकंच खातात. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून येतात अन् मलाच शिकवतात, काका, रॅम वाढवा, काका, कार्ड बदला. मी म्हणतो, बाबा, आधी मला ते उघडून तर बघू दे. पण तेवढा धीर कुणाला नाही, अन् हल्ली वाद घालायची ताकद मलाही नाही. मागतात ते बसवून देतो.

विश्वंभररावांच्या बाबतीत मी तेच केलं. तीन वर्षं केलं.

विश्वंभरराव सेनगावच्या पुढच्या एका खेड्यातले. साठीला आलेले, हळद अन् सोयाबीन करणारे, बोलायला कमी. हळदीच्या रिकाम्या पोत्यात कॅबिनेट घालायचे, एस्टीत मांडीवर धरून आणायचे अन् माझ्या टेबलावर असं ठेवायचे की जसं लेकरू निजवून राहिले. कॉम्प्युटर त्यांच्या पोराचा, शिवशंकरचा. पोरगं शिकून पुण्याला नोकरीला लागलं, त्याला कंपनीनं लॅपटॉप दिला, हे मशीन घरी राहिलं. जाताना त्यानं बापाला एक गेम शिकवला होता. ट्रक चालवायचा. पुण्यात बसून तो त्याचा ट्रक काढायचा, इकडं खेड्यात हे यांचा, अन् रविवारी दुपारी दोघं परदेशातल्या कुठल्याशा रस्त्यानं एकामागं एक जायचे. कानाला हेडफोन, अन् गप्पा चालू. पोरगं पुढं, बाप मागं.

"वळणावर मी दर वेळेला इंडिकेटर देतो," विश्वंभरराव मला पहिल्यांदा सांगत होते. "त्यो हासतो. म्हनतो बाबा, मागं कुणीच न्हाई, कुणाला दाखवून राहिले?"

हे सांगताना त्यांच्या तोंडावर जे हसू आलं, ते मी नंतर फार वेळा बघितलं नाही. कारण त्याच वर्षी मशीन अडकायला लागलं. दहा मिनिटं बरं चालायचं, मग ट्रक जागेवर उड्या मारायचा अन् पोराचा ट्रक दिसेनासा व्हायचा. पोरगं दोन-तीन रविवार थांबून राहिलं. मग म्हणालं, बाबा, मशीन नीट होऊ द्या, मग परत सुरू करू.

म्हणून ते माझ्याकडं आले. मी रॅम वाढवून दिली. पुढल्या वर्षी जुनी हार्डडिस्क काढून नवी एसएसडी टाकली. त्याच्या पुढल्या वर्षी ग्राफिक्स कार्ड. दर वेळेला दुकानात मी तोच गेम लावायचो, तासभर चालवायचो, अन् ट्रक तुपासारखा पळायचा. दर वेळेला ते पोतं बांधून खुशीत जायचे. अन् दर वेळेला काही दिवसांनी फोन यायचा, "सर, परत अडकून राहिलं."

या चैत्रात ते चौथ्यांदा आले. पोतं सोडलं, कॅबिनेट काढलं, अन् खिशातून मोबाइल.

"शिवशंकर म्हनतो आता प्रोसेसर बदलावा लागंल. तुमी बोला त्याच्याशी."

फोन स्पीकरवर टाकला. पोरगं चांगलं, मर्यादेनं बोलणारं. "काका, प्रोसेसर बदलला तर बोर्डही बदलावा लागेल ना? मग ही रॅम चालेल का? थांबा, मी बघतो." तो तिकडं काहीतरी शोधायला लागला. शोधता शोधता विचारलं, "बाबा, आईचा गुडघा कसा हाय?" हे म्हणाले, बरा हाय. "हळद शिजवली का?" हे म्हणाले, शिजली, वाळली, आता ढोलात घालायची. "आंब्याला कैऱ्या लागल्या असतील." हे म्हणाले, लागल्या, पण औंदा बारीक हायेत. मग परत प्रोसेसर, मग परत कैऱ्या. अर्धा तास. मी तेवढ्यात दोन प्रिंटर दुरुस्त केले. चिडचिड होत होती, कारण गिऱ्हाईक दारात उभं होतं. पण फोन ठेवल्यावर विश्वंभररावांचा खुललेला चेहरा बघून राग गेला.

माझी पोरगी अपर्णा बंगळुरूला असते. तिचा फोन येतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते. मी तिला दोष देत नाही. माझ्याकडंही सांगायला काय असतं?

पण त्या दिवशी मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली. मशीन उघडलं, पंख्यातली पिवळी धूळ ब्लोअरनं उडवली, शिंकलो, गेम लावला. तासभर मक्खन. या मशीनमध्ये बदलायला काही राहिलंच नव्हतं, अन् मी आता बोर्ड अन् प्रोसेसर विकायला निघालो होतो.

"विश्वंभरराव, आज काहीच बसवत नाही," मी म्हणालो. "मशीन माझ्याजवळ बराबर चालतं अन् तुमच्याजवळ अडकतं. म्हणजे गोम तुमच्या घरात आहे. मी येऊन बघतो."

"तुमी कशाला तकलीफ घेता सर."

"तीन वर्षं तुमीच घेऊन राहिले ना. एकदा मी घेतो."

सोमवारी दुकान बंद असतं. सेनगावपर्यंत एस्टी, तिथून जीप. जीपमध्ये माझ्या गुडघ्यावर कुणाची तरी कोंबडी होती. चैत्राचं ऊन, कंबर मोडलेली, मनात स्वतःलाच म्हटलं, राधाकृष्ण, या वयात तुला कुणी सांगितलं होतं हे?

अंगणात हळद घासायचा लोखंडी ढोल फिरत होता. वाळल्या हळकुंडाची साल निघते अन् पिवळी धूळ उडते, भिंती, दोरीवरचे कपडे, म्हशीची पाठ, सगळं पिवळं. द्वारकाबाई, म्हणजे विश्वंभररावांच्या मालकीणबाई, पदरानं नाक झाकून बाहेर आल्या. पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाल्या. मी म्हटलं, चहा मागून, आधी मशीन.

आतल्या खोलीत एका कोपऱ्यात हळदीची पोती, दुसऱ्या कोपऱ्यात टेबल. अन् टेबलावर मशीन दिसेचना. जुन्या इरकल लुगड्याची, आत वाकळेसारखे थर घातलेली, कडेला लाल गोट शिवलेली जाडजूड झूल होती. पोळ्याला बैलाच्या अंगावर घालतात तशी. समोर बटणापुरतं भोक, मागं वायरींपुरती फट. आतून पंख्याचा आवाज येत होता. मशीन चालू होतं.

"हे काय?"

"झूल हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "शिवशंकरनं सांगितलं व्हतं, हळदीच्या दिवसात झाकून ठेवत जा, आत धूळ जाते. मी म्हनलं नुसतं फडकं काहून टाकायचं, चांगली शिवून टाकू."

"अन् गेम खेळतानाही?"

"तवाच तर धूळ जास्त आत वढतं ना ते."

मी झूल उचलली. आतून चुलीसारखी वाफ आली. हात लावला अन् मागं घेतला. तीन वर्षं ते बिचारं वाकळ पांघरून ट्रक ओढत होतं. गरम झालं की जीव वाचवायला आपला वेग कमी करायचं, बस, एवढाच रोग.

"मग माझ्या दुकानात आणता तेव्हा ही झूल कुठं असते?"

"तवा मी धुऊन ठेवते," त्या म्हणाल्या. "गावाला न्यायची तर मळंल म्हून."

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो हाच. मला हसू येईना, रागही येईना. रॅम, एसएसडी, कार्ड, सगळं माझ्या हातानं बसवलेलं. एकदाही विचारलं नव्हतं की बाबांनो, घरी हे ठेवता कसं.

झूल घडी करून बाजूला ठेवली. मशीन पोत्यांपासून लांब, दुसऱ्या भिंतीला सरकवलं. गेम लावला. विश्वंभरराव खुर्चीवर बसले, ट्रक काढला, दहा मिनिटं गेली, वीस गेली, अर्धा तास गेला. ट्रक अडकला नाही. एका वळणावर त्यांनी इंडिकेटर दिला अन् माझ्याकडं बघून जरासं हसले.

"लावा फोन पोराला," मी म्हणालो. बावीस वर्षांत इतकं हलकं मला क्वचितच वाटलं असंल.

फोन लागला. "शिव्या, झालं बग नीट," विश्वंभरराव म्हणाले. "काहीच बदलायचं न्हाई. सर घरी आले व्हते. झुलीनं गरम व्हत व्हतं. आता येक नंबर चालून राहिलंय. मग या रविवारी काढायचा का ट्रक?"

"अरे वा, बेस्ट," तिकडून पोरगं म्हणालं. "बाबा, या रविवारी न्हाई जमणार. कामाचं लई चालू हाय. पुढच्या महिन्यात बघू. पण चला, तुमचं टेन्शन तर गेलं. सरांना थँक्यू सांगा. ठेवतो, मीटिंग हाय."

मिनिट झालं नसंल.

विश्वंभररावांनी फोन टेबलावर ठेवला. गेममधला त्यांचा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता, इंडिकेटर चालूच होता. त्यांनी तो बंद केला नाही.

"बिझी असतो," द्वारकाबाई म्हणाल्या, चहाचा कप माझ्यापुढं करत. "लेकरू तरी काय करंल."

मी चहा घेतला अन् निघालो. जीपपर्यंत विश्वंभरराव सोबत आले. ढोल थांबला होता. मी जीपमध्ये बसत होतो तेव्हा म्हणाले, "सर, लई उपकार झाले तुमचे." ते ज्या आवाजात म्हणाले ना, तसं उपकार झालेला माणूस म्हणत नाही. परत येताना मला फार थकल्यासारखं झालं, अन् ते कंबरेमुळं नव्हतं.

दोन रविवार गेले. तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, सकाळी शटर वर केलं तर विश्वंभरराव पायरीवर. मांडीवर कॅबिनेट. या वेळेला पोतं नव्हतं. कॅबिनेटच्या अंगावर झूल होती, लाल गोटाची, धुतलेली.

"परत अडकून राहिलं, सर," ते म्हणाले. माझ्याकडं बघत नव्हते.

मला रागच आला होता. तोंडापर्यंत आलं होतं की अहो, साठीचा माणूस तुमी, हातानं झूल घालता अन् वर मला सांगता अडकलं म्हणून? मला धंदा नाही का दुसरा? पण तेवढ्यात ते झुलीची कड बोटानं सरळ करायला लागले, उगीच, सरळच असलेली.

आत आणून बसवलं. पाणी दिलं.

"आला होता का शिवशंकरचा फोन?" मी विचारलं.

"कशाला येईल?" ते म्हणाले. "आता मशीन बरं हाय ना." मग म्हणाले, "ट्रक चालवायला त्याला टाइम न्हाई, सर. खोटं कशाला बोलू. पर बिघाड असला की टाइम काढतो. पैल्यापासून तसाच हाय. कुणाचं काही बिघडलं की धावतो. बिघडलं व्हतं तवा आठवड्यात तीनदा यायचा फोन."

बाहेर झेरॉक्सवाल्यानं मशीन चालू केलं. मी झूल काढली, घडी केली, टेबलाच्या खणात ठेवली. बावीस वर्षांत चांगल्या मशीनला वाईट म्हणालो नव्हतो. गिऱ्हाईकानं मागितलं म्हणून दिलं असंल, पण माझ्या तोंडानं खोटा रोग सांगितला नव्हता. तेवढी एक गोष्ट माझ्यापाशी शिल्लक होती.

"बोला विश्वंभरराव," मी म्हणालो, "या वेळेला काय खराब झालं म्हणून सांगू? पंखा, पॉवर सप्लाय, का बोर्ड?"

त्यांनी तिन्ही नावं बोटावर मोजली.

"त्यातलं मला काय कळतंय," ते म्हणाले. "ज्याचं ठरवायला लई दिवस लागतात, ते सांगा."

मी त्यांच्या मोबाइलवरून शिवशंकरला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्यानं.

"बोर्ड," मी म्हणालो. "पण घाई करू नको. नीट बघून, बाबांना विचारून ठरव."

अन् फोन त्यांच्या हातात दिला.