मिस्त्रींच्या फरशीची खोट

घर विकत घ्यायला निघालेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच कळून चुकतं, की शहरात घरं ढिगाने आहेत आणि आपल्या ऐपतीचं त्यात एकही नाही. या गोष्टीतल्या गृहस्थाला हे कळून वर्ष झालं होतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्याचं काम. बायको दवाखान्यात नर्स. सात वर्षांची मुलगी, आणि आई. चौघं भाड्याच्या दीड खोलीत राहायची, आणि त्यातली अर्धी खोली आईच्या शिलाई मशीनने अडवलेली होती. आता घरमालकानेही सांगून टाकलं होतं, "मुलाचं लग्न ठरलंय. दोन महिन्यांत जागा मोकळी करून द्या."

अठरा घरं पाहून झाली होती. सगळीकडे घोडं पैशांपाशीच अडायचं. शेवटी एजंटालाच त्यांची कीव आली.

"साहेब, तुमचं चुकतं कुठे सांगू? घर आवडलं की तुमच्या तोंडावर दिसतं," तो म्हणाला. "मालक लगेच ताठ होतो. आवडलं तरी तोंड वाकडंच ठेवायचं. खोलीगणिक एक खोट काढायची."

"आणि खोट नसेलच तर?"

"तर फरशीवर नाणं वाजवायचं आणि म्हणायचं, पोकळ वाजतंय. याला कुणाकडे उत्तर नसतं. फरशी उखडून कोण बघतो?"

पहिल्या घरात त्याची जीभ रेटेना. दुसऱ्या घरात थोडी रेटली. चौथ्या-पाचव्या घरापर्यंत तो तयार झाला होता. इथे ऊन फार येतं, तिथे अजिबात येत नाही, स्वयंपाकघर अरुंद, दार उलटं उघडतं! तुम्हीआम्ही सगळ्यांनीच हे कधी ना कधी केलेलं असतं, भाजी घेताना नाहीतर चपला घेताना, त्यामुळे त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलीनेसुद्धा हे उचललं. एकदा मैत्रिणीकडे खेळायला गेली आणि तिच्या आईला म्हणाली, "काकू, तुमच्या भिंतीला ओल आहे, इतके पैसे नाही मिळणार." बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र पोट धरून हसला.

चोविसावं घर एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे हातभर गॅलरी. मालक होते एक म्हातारे मिस्त्री. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरी फरश्या बसवल्या होत्या. आता जिने चढवत नव्हते, म्हणून हे घर विकून नवराबायको मुलीच्या गावी तळमजल्यावर राहायला जाणार होती. दार उघडलं आणि आत पाऊल टाकताच बायकोने हळूच त्याचा दंड दाबला. करड्या रंगाची फरशी, कडेने काळी पट्टी, आणि सांधे इतके बारीक की नखसुद्धा जाऊ नये. तीस वर्षांच्या वापराने ती झिजली नव्हती, उलट गुळगुळीत झाली होती.

"मीच बसवलीय," मिस्त्री म्हणाले. "लोकांची दिवसा बसवायचो, आमची सुट्टीच्या दिवशी. आठ महिने लागले."

घर त्याला मनापासून आवडलं होतं. किंमत मात्र त्याच्या ऐपतीपेक्षा तीन लाखांनी जास्त. त्याने तोंड वाकडं केलं. मागच्या खोलीत जाऊन खिशातलं नाणं काढलं, खाली वाकला आणि चारपाच फरश्यांवर वाजवलं. नाणं खणखणीत वाजलं. तो मान हलवत म्हणाला, "पोकळ वाजतंय काका. बरीच पोकळ आहे. तीन लाखांचं तरी काम निघेल."

त्याच्या ओठांकडे बघत असलेल्या मिस्त्रींचा चेहरा एकदम उतरला. "कुठे?"

"ही. ही पण. इकडे या दोनतीन." त्याने हाताला येतील त्या फरश्या दाखवल्या.

म्हातारा गुडघे टेकून खाली बसला. बोटाच्या पेराने फरशी वाजवली, मान तिरकी केली, पुन्हा वाजवली. त्यांची बायको दारात उभी राहून पाहुण्यांकडे बघत होती. बऱ्याच वेळाने मिस्त्री भिंतीला धरून उठले.

"दोष असेल तर त्याचे पैसे घेणार नाही मी," ते म्हणाले. "तीन लाख कमी करा."

जिना उतरताना एजंटाने त्याच्या पाठीवर थाप मारली. बायको मात्र दोघांना मागे टाकून भराभर खाली उतरून गेली.

घरी आल्यावर त्याने आईला सगळं रंगवून सांगितलं. नाणं कसं काढलं, म्हाताऱ्याचं तोंड कसं पडलं, तीन लाख कसे एका वाक्यात सुटले. आईने मशीन थांबवलं.

"फरशी खरंच पोकळ वाजली?"

"नाही गं. ती बोलायची पद्धत असते."

"दहा वर्षांचा होतास तू," आई म्हणाली. "कोपऱ्यावरच्या बंगल्यातली बाई आठवते? दर वेळी शिवलेला कपडा उजेडात धरायची आणि म्हणायची, शिलाई वाकडी आहे. शिलाई सरळ असायची. तिलाही दिसायचं ते. पण वाकडी म्हटलं की मजुरी कमी करता यायची. ती गेली की तू कपडा हातात घेऊन मला विचारायचास, आई, कुठे वाकडी आहे? दाखव ना."

त्याला आठवत होतं. बाई जिना उतरत असताना तिला मनातल्या मनात दिलेल्या शिव्याही आठवत होत्या.

"ते वेगळं. ती श्रीमंत होती. आपल्याकडे नाहीत पैसे," तो म्हणाला.

"मग तसं सांगायचं. पैसे नाहीत म्हणायची तुला लाज वाटली, आणि दुसऱ्याच्या कामाला खोटं म्हणायची नाही वाटली? मजुरी कमी मिळाली त्याचं मला इतकं काही नव्हतं रे. पण ती गेल्यावर मी दोन-दोनदा ती शिलाई बघत बसायचे. माझा माझ्या हातावरचा भरवसा उडायचा. ते कोण भरून देणार होतं?"

"आई, व्यवहारात सगळे असंच करतात."

"हो ना. तीही हेच म्हणायची." एवढं बोलून आईने पुन्हा मशीन सुरू केलं. पुढच्या चार दिवसांत दुकानात काचा घासताना त्याचा हात दोनदा चुकला.

रविवारी इसाराची रक्कम घेऊन तो, बायको आणि एजंट मिस्त्रींकडे गेले. जिन्यातच ठोकल्याचा आवाज येत होता. दार उघडंच होतं. सगळीकडे पांढरी धूळ. मागच्या खोलीत फरशीला मोठा खड्डा पडला होता. बाजूला काढलेल्या फरश्या भिंतीला लावून उभ्या केल्या होत्या, अकरा. त्यांतल्या तीन फुटल्या होत्या. मिस्त्री छिन्नी-हातोडी घेऊन मधोमध बसले होते, त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. शेजारी त्यांच्याच वयाचे दुसरे एक मिस्त्री डोक्याला हात लावून बसले होते.

"या," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही यायच्या आत पुरं करायचं होतं. पण कुठली पोकळ तेच सापडत नाहीये. तुम्ही दाखवल्या त्या काढल्या, तर खाली सिमेंट-वाळूचा माल गच्च भरलेला. मला वाटलं जागा विसरलो. मग शेजारच्या काढल्या."

"काका, पण तुम्ही किंमत कमी केली होतीत ना," बायको कशीबशी म्हणाली.

मिस्त्रींनी कानामागे हात धरला. तिला पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं.

"केली की. पण सदोष काम मागे ठेवून कसा जाऊ? तीस वर्षं लोकांना सांगितलं, माझी फरशी वाजवून घ्या." मग ते थोडे ओशाळून म्हणाले, "आता मलाच वाजवून कळत नाही. दोन वर्षं झाली, कान गेले. कुणाला बोललो नाही. फरशीवाल्याचे कान गेले म्हणजे राहिलं काय?"

दुसरे मिस्त्री उसळून म्हणाले, "काल दुपारपासून ओरडून सांगतोय मी, सगळ्या ठणठणीत वाजतायत! ऐकेल तर शपथ. मला म्हणतो, तू माझा मित्र, माझं मन राखायला बोलतोस. त्या माणसाला खोटं बोलायचं काय पडलंय?"

आपला गृहस्थ दारातच खिळून उभा राहिला. कुणी चारचौघांत तोंडात मारली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं. एजंट हळूच कानाशी म्हणाला, "गप्प राहा साहेब. कमी केलेल्या किमतीतच राहू दे." त्याने एजंटाचा हात बाजूला केला.

"काका, फरशी पोकळ नव्हती," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

"काय?" मिस्त्रींनी पुन्हा कानामागे हात धरला.

पुटपुटून भागणार नव्हतं. खोटं त्याने हलक्या आवाजात सांगितलं होतं, खरं त्याला ओरडून सांगावं लागलं.

"मी खोटं बोललो! फरशी चांगली होती! किंमत पाडायला बोललो मी!"

समोरच्या घराचं दार उघडलं. जिन्यातून जाणारी दोन माणसं थबकली. आतून मिस्त्रींची बायको आली आणि दाराशी उभी राहिली. त्याची मान वर होईना.

मिस्त्रींनी हातातली छिन्नी खाली ठेवली. "म्हणजे सगळ्या भरीव वाजल्या होत्या?"

"हो, काका."

"एकही पोकळ नव्हती?"

"एकही नाही."

म्हातारा त्या खड्ड्याकडे बघत राहिला. "तुमच्याकडे आहेत तरी किती?"

त्याने आकडा सांगितला. तोही मोठ्यानेच सांगावा लागला, जिन्यातल्या लोकांदेखत. वर्षभर जो आकडा तो झाकून ठेवत होता, तो आता साऱ्या इमारतीला कळला.

"हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"चार दिवस मी जेवलो नाही धड," मिस्त्री म्हणाले. आवाजात राग होता, आणि तो असायलाच हवा होता. "आयुष्यभर किती फरश्या बसवल्या, त्यातल्या किती पोकळ असतील, याचा हिशोब करत होतो. घराची किंमत पहिली होती तीच राहील. दोष नाही, तर सूटही नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. म्हणजे घर गेलं. बायकोने डोळ्यांना पदर लावला, पण तीही म्हणाली, "बरोबर आहे, काका." एजंट कपाळावर हात मारून जिना उतरून गेला.

ही दोघं मात्र गेली नाहीत. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "खड्डा माझ्यामुळे पडलाय. काय करायचं ते सांगा."

मिस्त्रींनी घमेलं पुढे सरकवलं. दिवसभर त्याने वाळू चाळली, माल कालवला, फरश्या उचलून दिल्या. बायकोने फुटलेल्या फरश्यांचे तुकडे भरले. त्या जातीची फरशी आता मिळत नव्हती, म्हणून पलंगाखाली जाणाऱ्या कोपऱ्यातल्या तीन फरश्या काढून इथे लावल्या, आणि कोपऱ्यात साधी घातली. संध्याकाळी मिस्त्री थापीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकत गेले आणि दर वेळी त्याच्याकडे बघत गेले. तो सांगायचा, भरीव. भरीव. भरीव.

नववी वाजली आणि तो गप्प झाला. ही खरंच पोकळ होती. एका कोपऱ्याला माल कमी पडला होता. आज तरी भरीव म्हणावं, त्यांना बरं वाटेल, असं त्याच्या मनात आलं. त्याचा चेहरा तापला.

"ही पोकळ आहे काका," तो म्हणाला. "या कोपऱ्याला."

मिस्त्रींनी फरशी उचलली. कोपऱ्याला खरंच माल कमी होता. त्यांनी थापीभर माल टाकला, फरशी पुन्हा बसवली, ठोकली.

"आता?"

"आता भरीव."

मिस्त्रींची बायको सगळा वेळ दारातून बघत होती. ती पुढे आली आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं, "किंमत पहिलीच घ्यायची. पण तीन लाख वर्षभरात देऊ देत. जो स्वतःविरुद्ध एवढ्या मोठ्याने बोलतो, तो पैसे बुडवणार नाही." मिस्त्रींनी थापी पुसून घमेल्यात ठेवली. मग म्हणाले, "लिहून घे."

ते तीन लाख फेडताना वर्षभर दोघांची दमछाक झाली. बायकोने जादा पाळ्या केल्या, त्याने सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या दुकानात काचा घासल्या. पैसे फिटले. लाज मात्र फिटली नाही. मागच्या खोलीतल्या त्या अकरा फरश्यांचे सांधे थोडे जाड आहेत, आणि त्यावरून जाताना त्याची मान आपोआप खाली जाते. घर बघायला आलेले पाहुणे जेव्हा "फरशी कुणी बसवली?" असं विचारतात, तेव्हा तो मिस्त्रींचं सगळं सांगतो, आणि स्वतःचंही सांगतो.

मंडळी, महाग शहरात कमी पैशांत घर शोधणं हा गुन्हा नाही. भाव करणं हाही गुन्हा नाही. खिसा रिकामा असेल तर सरळ म्हणावं, वस्तू चांगली आहे, पण माझ्याकडे एवढेच आहेत. समोरचा फार तर नाही म्हणेल. पण आपले चार पैसे वाचावेत म्हणून दुसऱ्याच्या चांगल्या कामाला वाईट म्हणू नये. आपण दार ओढून निघून जातो, आणि तो माणूस मागे बसून आपलं बोलणं खरं मानतो.