पेडलला हेमाली

गुरुवारी हेमाली राजोडीला माहेरी आली ती वडिलांच्या गोळ्या द्यायला, आणि स्कूटरवरून उतरायच्या आधीच तिने तुळिंजला परत निघायची वेळ मनाशी ठरवून टाकली होती. वडील, तुळशीदास, केळीच्या वाडीलगतच्या शेडमध्ये जुन्या अँबेसिडरच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते.

"क्लचचा मास्टर सिलिंडर मिळाला एकदाचा, गोखिवऱ्याला," त्यांनी खोकं पुढे केलं. "मूळ कंपनीचा नाय, बाहेरचा आहे. पेडलकडची दांडी जरा लांब आहे, जुळवून घ्यावी लागेल. रविवारी येशील? क्लचच्या तेलातली हवा काढायला पेडलला माणूस लागतं."

लहानपणी ते माणूस म्हणजे हेमालीच. सीटच्या कडेला बसून, दोन्ही पाय एकत्र करून ती पेडल दाबायची आणि ओरडायची, "धरलं!" तिचा आवाज आल्याशिवाय वडील गाडीखाली नट सोडत नसत.

"बघते," म्हणत तिने स्कूटर सुरू केली.

"अगं, 'येते' तरी म्हण!" ओट्यावरून आई ओरडली. त्या घरातून 'येते' म्हटल्याशिवाय कुणी निघत नसे. हेमाली तोवर वळणापलीकडे गेली होती.

शुक्रवारी सकाळी वाडीला पाणी लावताना तुळशीदास खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तेरावं झालं तरी हेमालीचा पाय एका जागी ठरेना. तिने घासलेले डबे पुन्हा घासले, माळा झाडला, आईच्या हातातलं निवडणं ओढून घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. भाऊ विपुल म्हणाला, "गाडी उभ्या उभ्या सडेल. सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो."

"चालती गाडी भंगारात देशील?"

"चालती कुठाय?"

"रविवारपर्यंत थांब."

शनिवारी तिने मोबाइलवर बघून बघून सिलिंडर स्वतः बसवला. पेडल वरच्या बाजूला किंचित सैल लागत होतं. ते तिला सोसेना. तिने दांडी फिरवत नेली, सैलपणा पार जाईपर्यंत.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून वडिलांचे मित्र लेस्ली आले. आयुष्य गॅरेजात गेलेला माणूस. त्यांनी हातानेच पेडल दाबून पाहिलं आणि हसले.

"बाय, गळा आवळलास की ह्याचा! पेडल वर आलं की दांडीने पिस्टनला सोडलं पाहिजे. नायतर तेल परत वरच्या डबीत जाणार कसं?"

"सैल वाटत होतं, अंकल."

"तेवढं सैलच पाहिजे. तुळशीने लिहिलं नाय? तो सगळं खोक्यावर लिहायचा."

खोकं कचऱ्याच्या पिशवीत होतं. तिने ते उलटं केलं. तळाला पेन्सिलीने लिहिलं होतं: 'दांडी लांब. थोडी सैल ठेवणे. रवि. – पेडलला हेमाली.'

'बघते' म्हणजे नाही, हे कुणालाही कळतं. वडिलांनी ते 'हो' म्हणून लिहून ठेवलं होतं.

तिने दांडी मागे फिरवली. मग ती सीटवर बसली आणि लेस्ली गाडीखाली सरकले.

"पेडल मार. मार. धर."

तिने पेडल धरून ठेवलं.

"धरलंस का? बोल की! तू बोलल्याशिवाय मी नट सोडणार नाय. तुझ्या बापाचीच शिस्त आहे ही."

"धरलं," ती म्हणाली.

पेडल पायाखाली तळाशी गेलं. नटाला लावलेल्या नळीतून खालच्या बाटलीत बुडबुडे आले. मार, धर, धरलं, सोड. आठव्या खेपेला नुसतं तेल आलं आणि पेडल घट्ट झालं.

"चालू कर गाडी," लेस्ली बाहेर येत म्हणाले.

पहिला गिअर न करकरता पडला. ओट्यावर विपुल उठून उभा राहिला. हेमालीने गाडी फाटकापर्यंत नेली, तिथे क्लच दाबून धरला, काच खाली केली आणि रिकाम्या शेडकडे बघून मोठ्याने म्हणाली,

"येते, बाबा. रविवारी येते."